सैनिकांचे ओळखबिल्ले उकरणाऱ्यांना, विकणाऱ्यांना आणि जमवणाऱ्यांना खुले पत्र

जुन्या रणभूमीवर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे, तिथून निघालेल्या वस्तूंचा व्यापार करणारे आणि त्या हौसेने जमवणारे, अशा सर्वांना,

स.न.वि.वि.

विक्रीला काढलेल्या ओळखबिल्ल्याचे फोटो बहुतेक एकाच साच्यातले असतात. घासून चकचकीत केलेला धातू, खाली काळं कापड, बिल्ल्याची एकच बाजू आणि ‘दुसरं महायुद्ध, अस्सल, जमिनीतून निघालेला’ एवढाच मजकूर. कुठल्या शिवारात निघाला, किती खोल होता, सोबत काय होतं, याचा पत्ता नाही. महिन्याभराने घेणाऱ्याच्या मनात येतं की याचा मालक शोधावा, आणि मग तो विचारतो, ‘एवढ्यावरून नाव निघेल का?’ पुष्कळदा निघालं असतं. पण निम्मी माहिती बिल्ल्यावर असते आणि निम्मी तो ज्या खड्ड्यातून आला त्या खड्ड्यात. खड्डा तर तुम्ही बुजवून आलात.

हे पत्र कोणाची हौस बंद पाडायला लिहिलेलं नाही. बिल्ला मातीतून वर आल्यापासून घरच्यांच्या हातात पडेपर्यंत काय करायचं आणि कुठे घोळ होतो, ते सांगायला लिहिलं आहे. मध्येच कुठे सूर चढला, तर त्याला कारण आहे.

सुरुवात जर्मन बिल्ल्यापासून करू, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथेच होते. दुसऱ्या महायुद्धातला हा बिल्ला म्हणजे लंबगोल पत्रा, मधोमध आडव्या चिरांची रांग आणि दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर. सैनिक पडला की खालचा अर्धा मोडून मृत्यूच्या खबरीसोबत वर पाठवायचा आणि वरचा अर्धा मृतदेहाच्या गळ्यात ठेवायचा, अशी पद्धत होती. पुढेमागे थडगं हलवावं लागलं तरी माणूस ओळखता यावा, हा हेतू. आता हाडांसोबत वरचाच अर्धा सापडला, तर त्याला कोणीतरी पाहिलं होतं आणि त्याची खबर निदान निघाली होती. हाडांसोबत अख्खा बिल्ला सापडला, तर खबर बहुधा गेलीच नाही. तो माणूस कागदोपत्री आजही बेपत्ता असण्याची शक्यता मोठी. आणि बाजारात अख्ख्या बिल्ल्याला अर्ध्यापेक्षा भाव जास्त! म्हणजे ज्याचा उलगडा व्हायची गरज सगळ्यात जास्त, तोच पहिल्यांदा विकला जातो. मागे राहिलेली हाडं कधीतरी जर्मन युद्धकबरींची देखभाल करणारी फोक्सबुंड संस्था रीतसर वर काढते, दफनभूमीत नेते आणि तिथे ‘अज्ञात’ म्हणून ठेवते. त्या माणसाचं नाव तेव्हा कोणाच्या तरी कपाटात, काचेमागे असतं.

या बिल्ल्यावर सैनिकाचं नाव नसतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. क्रमांक, तुकडीचं आखूड नाव आणि बऱ्याचदा रक्तगट, एवढंच. शिवाय ती तुकडी म्हणजे तो ज्या तुकडीत मेला ती नव्हे. ज्या तुकडीने त्याला बिल्ला दिला ती, आणि ती बहुधा भरती झालेल्यांना तयार करून पुढे धाडणारी पलटण असते. स्टालिनग्राडच्या परिसरात सापडलेल्या बिल्ल्यावर जर्मनीतल्या कुठल्या तरी शहराच्या राखीव पलटणीचं नाव दिसलं की नवखे लोक गोंधळतात आणि ‘ही पलटण इथे आलीच नव्हती, बिल्ला खोटा’ असा निकाल देतात. तसं नसतं. दुसरी अडचण क्रमांकाची. प्रत्येक कंपनीची यादी स्वतंत्र, म्हणून ‘१४५’ हा क्रमांक शेकडो जणांचा. तुकडीचं नाव वाचता आलं नाही तर नुसत्या क्रमांकाला काडीचीही किंमत नाही. त्यात जर्मन ठश्यांमध्ये ‘आय’च्या जागी ‘जे’ मारायची रीत. पायदळाचं आद्याक्षर शोधणारा ‘जे’ पाहून भलत्याच दिशेला जातो. बिल्ला हरवलेल्याला तेव्हा ज्या तुकडीत असेल तिच्याकडून नवा मिळे, नव्या क्रमांकाचा. त्यामुळे एकाच माणसाचे दोन वेगळे बिल्ले निघणं हेही काही आक्रीत नाही.

या तुकड्यांच्या याद्या बर्लिनमध्ये जमा होत. युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर, ऑगस्ट १९३९ मध्ये, त्यासाठी वेगळं माहिती कार्यालय उघडलं होतं. फेरबदल तुकड्या नियमाने कळवत. ते दप्तर युद्धातून बऱ्याच अंशी वाचलं, आणि १ जानेवारी २०१९ पासून ते जर्मन संघीय अभिलेखागाराचा, म्हणजे बुंडेसआर्किव्हचा भाग आहे. तुमच्या बिल्ल्यावरचा मजकूर तिथे जायला हवा; तुकडी आणि क्रमांक यांवरून नाव काढून देणारी दुसरी जागा नाही. उत्तराला महिने लागतात. बिल्ला हाडांसोबत निघाला असेल तर ते आधीच सांगा, कारण मग पुढचं सगळं त्यांच्या आणि फोक्सबुंडच्या रीतीने व्हायला हवं. वारसांना कळवण्याचं कामही त्यांचंच.

पहिल्या महायुद्धातले जर्मन बिल्ले वेगळे. युद्ध सुरू झाल्यानंतर काढलेल्या बिल्ल्यांवर नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता असा मजकूर सापडतो. ते वाचता आले तर अर्धं काम झालं म्हणा.

आता खड्ड्याकडे परत येऊ.

डिटेक्टर वाजला, माती बाजूला केली आणि बिल्ला दिसला, तर तो उचलण्याआधी फोटो. शेजारी मोजपट्टी ठेवून, उत्तर दिशा दाखवून. फोनवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे उतरवा, दशांशचिन्हापुढचे अंक कापू नका. दोनच अंक ठेवलेत तर जागा किलोमीटरभर सरकते. पाच ठेवलेत तर एखाद-दुसऱ्या मीटरची नेमकी नोंद होते, फोनची चूक काय ती वेगळी. खोली सेंटिमीटरमध्ये लिहा. सोबत बटणं, बकल, बुटाचे खिळे, दारूगोळा, चमचा, जे असेल ते लिहा, पण उचलू नका. एकटा बिल्ला नांगरटीच्या थरात, म्हणजे वरच्या २०-२५ सेंटिमीटरमध्ये असेल, तर तो बहुधा कोणाच्या गळ्यातून तुटून पडलेला किंवा नांगराने कुठून तरी ओढत आणलेला. तोच त्या थराखाली, बटणं आणि बुटाच्या टाचेसोबत असेल, तर तुम्ही कबरीवर उभे आहात.

तिथे थांबा. एकही हाड दिसलं तरी फावडं खाली ठेवायचं, जागा झाकायची आणि पोलिसांना कळवायचं. हाडं जुनी आहेत की कालची हे ठरवणं तुमचं काम नाही, त्यांचं आहे. शिवाय अशा जागी न फुटलेले हातबॉम्ब नि तोफगोळे असतात, आणि जुने म्हणून ते निवलेले नसतात. कायद्याचं म्हणाल तर देशागणिक तो वेगळा आहे. फ्रान्समध्ये पुरातन किंवा ऐतिहासिक वस्तू शोधायला डिटेक्टर चालवायचा तर आधी प्रशासनाची परवानगी लागते. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानांच्या अवशेषांना विनापरवाना हात लावता येत नाही. जर्मनीत मृतांच्या विसाव्यात ढवळाढवळ हा फौजदारी गुन्हा आहे. ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही.

यानंतरचा सगळ्यात मोठा घातपात घरी, मोरीत होतो. तारेचा ब्रश, लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा, टूथपेस्ट. यांतलं काहीही नको. जस्ताच्या बिल्ल्यावर पांढरी पूड धरलेली असते आणि अक्षराची कड बऱ्याचदा त्या पुडीतच उरलेली असते. आम्लात टाकलं की पूड जाते, अक्षरही जातं. युद्ध लांबलं तसे जर्मन बिल्ले ॲल्युमिनियमऐवजी जस्ताचे होऊ लागले, म्हणजे उशिराच्या लढायांतले बिल्लेच सगळ्यात नाजूक. ॲल्युमिनियमला आम्लधर्मी मातीत खड्डे पडलेले असतात. ते घासलं की खड्डा कुठला आणि ठसा कुठला हे कळेनासं होतं. पितळेचं हिरवं आवरण सहसा ठसा सांभाळून ठेवतं. स्वच्छ पाणी, मऊ ब्रश, सावलीत सुकवणं, यापुढे जाऊ नका. लाकडी काडीने निघत नसेल ती माती राहू द्या.

ब्रिटिश बिल्ला निघाला तर पाण्यालासुद्धा घाई नको. ब्रिटिशांनी १९०७ च्या सुमारास ॲल्युमिनियमची चकती आणली, पण १९१४ मध्ये ती सोडून दाबलेल्या तंतूंची, पुठ्ठ्यासारखी चकती घेतली. १९१६ मध्ये एकाच्या दोन झाल्या. हिरवी अष्टकोनी मृतदेहासोबत राहायची, लाल गोल काढून घेऊन मृत्यूची नोंद करायची. त्याआधी एकच चकती होती. ती खबरीसाठी काढून नेली की मागे ओळखीला काहीच उरत नसे. सॉमच्या लढाईच्या त्या वर्षाने ते शिकवलं. कल्पना चांगली, माल कच्चा: तंतूंची चकती ओल्या मातीत कुजते. म्हणून पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश अवशेष पुष्कळदा चकतीविना निघतात, आणि ओळख पटते ती सैनिकाने पदरचे पैसे घालून घेतलेल्या धातूच्या ब्रेसलेटवरून किंवा चमच्यावर कोरलेल्या क्रमांकावरून. कधी चकती तगलीच असेल, तर ती ओली असतेवेळी वाचता येते आणि उन्हात वाळली की तडकते, पापुद्रे सुटतात. तिला तिच्याच मातीसकट झाकणाच्या डब्यात, ओलसर ठेवा, गार जागी ठेवा आणि संवर्धकाकडे न्या.

सोव्हिएत नळीचं तर विचारूच नका. १९४१ मध्ये लाल सैन्याला एबोनाइटची, बोटाच्या पेराएवढी, फिरकीच्या झाकणाची काळी नळी दिली होती. आत एकाच मजकुराच्या दोन चिठ्ठ्या: नाव, हुद्दा, जन्मवर्ष, गाव, घरच्यांचा पत्ता, भरती कार्यालय. सापडलेली नळी जागेवरच उघडण्याचा मोह दांडगा, आणि तिथेच चिठ्ठीचा लगदा होतो. झाकण अडकलेलं असतं, जोर लावला की नळी फुटते, आतला ओला कागद हवा लागून काही मिनिटांत आक्रसतो. नळी ज्या ओलाव्यात निघाली त्याच ओलाव्यात ठेवायची, झाकणबंद, गार. उघडायची ती प्रयोगशाळेत. पेन्सिलीने लिहिलेलं तगतं, शाई वाहून जाते, आणि डोळ्यांना कोरा दिसणारा कागदही विशेष प्रकाशात कधी कधी बोलतो. बऱ्याच चिठ्ठ्या मात्र खरोखरच कोऱ्या असतात. नळीत नाव भरलं की मरण ओढवतं अशी समजूत होती, आणि रिकामी नळी सुया-काड्या ठेवायला सोयीची. नोव्हेंबर १९४२ मध्ये ही नळीच रद्द झाली. त्यानंतरच्या लढायांत लाल सैनिकाकडे ओळखीसाठी उरली कागदी पुस्तिका, जी मातीत टिकत नाही. म्हणून तिथे चमचा, पाण्याचा डबा, पट्ट्याची आतली बाजू यांवर खिळ्याने कोरलेलं आडनाव पाहा. पदकही टाकू नका: ‘रेड स्टार’ सन्मानचिन्हाच्या मागच्या बाजूला क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून संरक्षण खात्याच्या पोडोल्स्क इथल्या अभिलेखागारात माणूस सापडू शकतो. मृत आणि बेपत्ता सैनिकांच्या मूळ कागदांच्या प्रती ‘मेमोरियल’ नावाच्या रशियन सरकारी माहितीसाठ्यात २००७ पासून खुल्या आहेत.

वाचन. यात शहाणपण फोटोचं आहे, डोळ्यांचं नाही. खोली अंधारी करा, एकच टॉर्च बिल्ल्याच्या पातळीला जवळजवळ टेकवून धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. समोरून प्रकाश टाकला की उथळ ठसा बुजतो. आडवा टाकला की सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. मागची बाजूही घ्या. अमेरिकन बिल्ल्यावर अक्षरं उठावाची असतात, म्हणून पुढून झिजलेलं अक्षर मागे उलटं, पण धड सापडतं. फोटो आरशासारखा फिरवून वाचा. कागदावर पेन्सिल घासून उमटवण्याची युक्ती धड धातूवर चालेल, जस्तावर आणि तंतूंच्या चकतीवर चालणार नाही. आणि जे वाचलं ते ‘ठरवू’ नका. ३ की ८, १ की ७, ६ की ० अशी शंका असेल तर सगळे पर्याय लिहा. शोध फसण्याचं सगळ्यात साधं कारण हेच: पहिल्या वाचणाऱ्याने शंका मनातच ठेवली आणि पुढे सगळे त्याच्या मागून गेले.

अमेरिकन बिल्ला त्या मानाने बोलका. दुसऱ्या महायुद्धातला पत्रा २ इंच लांब, १ १/८ इंच रुंद, एका टोकाला खाच. ती खाच मृताच्या दातांत अडकवायची होती, ही दंतकथाच आहे (शब्दशः). कोरा पत्रा ठसे मारण्याच्या मशीनमध्ये नेमका बसावा म्हणून ती होती. ओळी पाच. नोव्हेंबर १९४१ ते जुलै १९४३ मधल्या बिल्ल्यांवर घरच्या जवळच्या माणसाचं नाव-पत्ताही असे. असा बिल्ला हातात आला तर निम्मा शोध त्यावरच छापून मिळाला. त्यानंतर पत्ता गेला. ‘टी’ आणि त्यापुढचे दोन अंक म्हणजे धनुर्वाताच्या लशीचं वर्ष. ‘टी ४२ ४३’ असेल तर बिल्ला १९४३ च्या आधी छापलेला असूच शकत नाही, आणि खोटा माल अनेकदा इथेच पकडला जातो: १९४४ ची लस आणि सोबत १९४३ मध्येच बंद झालेला घरचा पत्ता. शेवटी एका अक्षरात धर्म: ‘पी’ प्रोटेस्टंट, ‘सी’ कॅथलिक, ‘एच’ ज्यू.

क्रमांकाचे पहिले दोन अंक नीट पाहा. पहिला १ असेल तर माणूस आपणहून भरती झालेला; २ असेल तर नॅशनल गार्डमधून, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्यातून आलेला; ३ किंवा ४ असेल तर सक्तीच्या भरतीतला. दुसरा अंक भरतीच्या विभागाचा. म्हणजे ‘३६’ने सुरू होणारा क्रमांक सक्तीच्या भरतीतला आणि इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन या सहाव्या विभागातला. भरतीची जागा म्हणजे जन्मगाव नव्हे. कामधंद्याला दुसरीकडे गेलेला माणूस तिथेच भरती झाला असेल. अधिकाऱ्याच्या क्रमांकाआधी ‘ओ’ असतो आणि त्याला हे गणित लागू नाही. क्रमांक हाती आला की अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या भरती नोंदींत तो टाकून पाहा. सुमारे ९० लाख नोंदी आहेत, पण त्या जुन्या पंचकार्डांवरून वाचून घेतलेल्या. नावांत आणि अंकांत भरपूर चुका. क्रमांकावरून नाही निघाला तर एकेक अंक बदलून पाहा, मग आडनाव आणि राज्य घालून पाहा.

पुढची ठेच सेंट लुइसला लागते. १२ जुलै १९७३ रोजी तिथल्या लष्करी दप्तराला आग लागली आणि १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करी माणसांच्या फायलींपैकी सुमारे ८० टक्के जळाल्या. ‘फाइल नाही’ असं उत्तर आलं म्हणजे माणूस नव्हता असं नाही. शेवटच्या पगाराचं व्हाउचर, तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवाल, हे वेगळे ठेवलेले होते. नाव, क्रमांक आणि तुकडी देऊन ते मागा.

ब्रिटिशांचीही अशीच एक आग आहे. सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधल्या गोदामात पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवापुस्तिका जळाल्या. निम्म्याहून जास्त कायमच्या गेल्या. उरलेल्यांना आजही ‘जळके कागद’ म्हणतात. तिथे पदकांच्या निर्देशकार्डांवरून काम भागवावं लागतं. पण त्याआधी क्रमांकाचं नीट समजून घ्या, कारण पहिल्या महायुद्धात प्रत्येक रेजिमेंटचे क्रमांक स्वतंत्र होते. ‘१२४७’ क्रमांकाचे शिपाई डझनांनी निघतात. १९१७ च्या सुरुवातीला टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ राखीव पलटणींना नवे, सहसा सहा अंकी क्रमांक दिले, म्हणजे त्याच माणसाचे पुन्हा दोन क्रमांक. १९२० नंतर लष्करभर एकच माळ झाली आणि प्रत्येक दलाला तिच्यातला ठराविक टप्पा मिळाला: ७२१००१ ते १८४२००० हा तोफखान्याचा, त्यापुढे २३०३००० पर्यंत इंजिनिअर्सचा. १४२ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक दिसला तर माणूस १९४२ च्या मध्यानंतर जनरल सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे नव्या भरतीच्या सामायिक दलात दाखल होऊन पुढे कुठेही गेलेला. त्या क्रमांकावरून त्याची पलटण सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश चकतीवर पलटणीचं नावही नसतं, म्हणून हे टप्पे पाठच हवेत.

ऑस्ट्रेलियाचा ‘एनएक्स’ म्हणजे न्यू साउथ वेल्समधून परदेशी सेवेसाठी आपणहून आलेला, ‘व्हीएक्स’ व्हिक्टोरियातला. कॅनडाचा ‘बी’ टोरांटोकडचा, ‘डी’ माँट्रियलकडचा. फ्रेंच बिल्ल्याच्या एका बाजूला नाव आणि भरतीच्या तुकडीचं वर्ष, दुसऱ्या बाजूला भरती केंद्र आणि नोंदवहीतला क्रमांक. ती नोंदवही त्या त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात असते आणि पुष्कळ ठिकाणी घरबसल्या पाहता येते. फ्रेंच बिल्ल्याइतकं सरळ काम दुसरं नाही.

जपानी बिल्ल्याचं उलटं. लहान लंबगोल पितळी पत्रा, दोन्ही टोकांना भोक, दोरीने अंगाला बांधलेला. साध्या शिपायाच्या बिल्ल्यावर नाव नाही. उभ्या ओळीत पलटणीचा क्रमांक किंवा सांकेतिक क्रमांक, कंपनी आणि माणसाचा क्रमांक. कुठल्या क्रमांकाचा कोण, या याद्या बहुतांशी नष्ट झाल्या. इथे बिल्ल्यापेक्षा जागा जास्त सांगते: त्या टेकडीवर कुठली पलटण, कुठली कंपनी होती हे कळलं तर निदान गट आखडतो. अवशेष आणि वस्तू परत पोहोचवण्याचं काम जपानचं आरोग्य, श्रम आणि कल्याण मंत्रालय पाहतं. बिल्ल्यासोबत सह्या केलेला ध्वज सापडला तर दोन्ही एकमेकांपासून तोडू नका. नाव ध्वजावर असतं.

ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या माणसाचा बिल्ला निघाला तर घोळ स्पेलिंगचा. कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने रोमन लिपीत लिहिलं. पवार, पोवार, पवर, शिंदे, सिंदे, जाधव, जादव, जादो, अशी सगळी रूपं टाकून पाहावी लागतात, आणि मराठा पलटणींच्या नावाचं रोमन स्पेलिंगच त्या काळी आजच्यापेक्षा वेगळं असे. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या नोंदींत हिंदी सैनिकाच्या नावापुढे पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. एकाच नावाच्या चौघांतून नेमका माणूस त्यावरूनच वेगळा काढता येतो. हिंदू आणि शीख सैनिकांना अनेक ठिकाणी अग्नी दिला गेला, त्यामुळे त्यांचं नाव थडग्यावर न शोधता स्मारकाच्या यादीत शोधा.

आता एक गोष्ट, जिच्यावरून सगळ्यात जास्त अश्रू उगाच ढाळले जातात. बिल्ला सापडला म्हणजे माणूस मेला असं नाही. सैनिक पोहताना, आंघोळीला, छावणी हलवताना, इस्पितळात बिल्ले हरवत आणि नवे घेत. समुद्रकिनाऱ्यावर किंवा छावणीच्या जागी सापडलेल्या अमेरिकन बिल्ल्याचा मालक पुष्कळदा सुखरूप घरी पोहोचलेला, लग्न करून नातवंडं पाहिलेला निघतो. म्हणून पहिला तपास मृतांच्या यादीत करा: कॉमनवेल्थचा युद्धकबर आयोग, अमेरिकेचा युद्धस्मारक आयोग, बेपत्तांची यादी. तिथे नाही सापडला तर तो वाचला असं धरून जनगणनेकडे वळा. अमेरिकेची १९४० आणि १९५० ची जनगणना खुली आहे. इंग्लंडची १९२१ ची खुली आहे, १९३१ ची आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही, म्हणून मधल्या काळासाठी सप्टेंबर १९३९ ची रहिवाशांची नोंदवही. त्यातून भावंडांची नावं, मग लग्नं, मग मृत्युलेख. मृत्युलेखात मुलांची नि नातवंडांची नावं असतात. मुलीचं आडनाव बदललेलं असतं, तिथे धागा तुटतो, म्हणून भावांबरोबर बहिणींचीही लग्नं शोधा.

ओळख पटली असं कधी म्हणायचं? निदान दोन स्वतंत्र खुणा जुळल्यावर. क्रमांक आणि नाव, किंवा नाव, रक्तगट आणि तुकडी त्या महिन्यात त्याच खोऱ्यात असल्याची नोंद. नुसतं नाव जुळणं म्हणजे काही जुळणं नव्हे.

खोट्या मालाबद्दल थोडंच. व्हिएतनाममध्ये पर्यटकांना विकले जाणारे अमेरिकन बिल्ले हे त्याचं ठळक उदाहरण. नवे छापलेले आणि जुने दिसावेत म्हणून रापवलेले बरेच. कोऱ्या जर्मन पत्र्यांवर आज ठसे मारले जातात आणि त्यांत सगळ्यात जास्त एसएस या नाझी दलाच्या तुकड्यांचे, कारण त्यांनाच गिऱ्हाईक. हाताने मारलेल्या खऱ्या ठश्यात ओळ थोडी वाकडी, दाब कमी-जास्त. खड्डे आणि गंज ठश्याच्या वरून गेलेले. खोट्यात उलट दिसतं: गंजाच्या खड्ड्यावर अक्षराची कड कोरी करकरीत. भिंग घेऊन बघा, कळतं.

घरच्यांशी बोलण्याची घाई नको. फोन नको, पत्र पाठवा. ‘तुमच्या आजोबांची हाडं’ असली वाक्यं नकोत. वस्तू काय आहे, कुठे निघाली, आणि ती त्यांच्या घरातल्या अमुक माणसाची असावी असं का वाटतं, एवढंच. त्यांना हवीच असेल असं धरू नका. काहींना त्या युद्धाचं नावही नको असतं. फोटो जाहीर केला असेल तर त्यातली एक खूण झाका, मग ती रक्तगटाची असो की लशीची. दावा करणाऱ्याला तीच विचारा. खऱ्या घरच्यांकडे जुना कागद असतो, लबाडाकडे तुमचाच फोटो. दोन शाखांतून दोघं पुढे आले तर निवाडा तुम्ही करू नका, दोघांनाही एकमेकांबद्दल सांगा. पैसे मागायचे नाहीत, टपालखर्चसुद्धा शक्य तर नाही. पाकीट नोंदणी टपालाने, विमा उतरवून. जकातीच्या कागदावर ‘वैयक्तिक वस्तू, मूळ कुटुंबाकडे परत, विक्री नाही’ असं स्पष्ट लिहा. बिल्ला दोन पुठ्ठ्यांमध्ये, कापडात. प्लास्टिकमध्ये हवाबंद नको, ओल धरते.

व्यापाऱ्यांकडे आमचं मागणं एकच आहे. जागेची चिठ्ठी नसलेला, जमिनीतून काढलेला बिल्ला घेऊ नका. विकणारा जागा सांगत नसेल तर बहुधा सांगण्याजोगी नाही म्हणूनच सांगत नाही. तुम्ही घेणं थांबवलंत की रात्री फावडं घेऊन बाहेर पडण्याचं कारणच निम्मं संपतं.

आणि ज्यांच्या कपाटात असे बिल्ले आधीच पडून आहेत, त्यांनी आज एवढं करावं: प्रत्येकाला एक कागद. कोणाकडून घेतला, कोणत्या वर्षी, त्याने तेव्हा जागेबद्दल काय सांगितलं होतं. ‘नदीच्या पूर्वेला, जंगलात’ इतकं मोघम असलं तरी चालेल. विकणारा जिवंत असेल तर त्याला पुन्हा विचारा. पंधरा वर्षांनी माणसं मोकळेपणाने बोलतात. दोन्ही बाजूंचे आडव्या प्रकाशातले फोटो जोडा आणि त्या त्या देशाच्या अभिलेखागाराला पाठवा. मजकूर उतरवताना ओळी बिल्ल्यावर आहेत तशाच ठेवा, आखूड रूपं पूर्ण करू नका, आणि ज्या अंकाची खात्री नाही त्याच्याखाली रेघ मारा.

कळावे,

बिल्ल्यांच्या मालकांचा माग काढणारे आम्ही काही जण